गेममधलं पोरगं भिंतीला का चिकटतं

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडं आला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या डोक्यात एकच खूळ, गेम बनवायचा. गेमची कल्पना मात्र एकदम आपली सोलापुरी. एक पोरगं खांद्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन पेठेतल्या कारखान्यातनं निघतं, बोळातनं, पायऱ्यांवरनं, हातगाड्या चुकवत टायमाच्या आत ट्रान्स्पोर्टवर माल पोचवायचा, बास. मधे एक लेव्हल भुईकोट किल्ल्यात आहे, चादरी पोचवायला किल्ल्यात कशाला जायचं ते मला विचारू नका, त्याला किल्ला पाहिजेच होता.

चित्रं वगैरे छान काढलेली, पण पोरगं चालेना. म्हणजे चालायचं, पण भिंतीला घासून उडी मारली की हवेतच पालीसारखं चिकटून बसायचं, उतारावर उभं केलं की हळूहळू खाली घसरत जायचं, आणि सपाट फरशीवर पळता पळता मधेच ठेच लागल्यासारखं थांबायचं, समोर काहीच नसताना. गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बनवतात त्याला इंजिन म्हणतात, पडण्या-आदळण्याचं गणित त्यातच असतं. भाचा वैतागून म्हणाला, मामा, या इंजिनाचं फिजिक्सच बेकार आहे. मी म्हटलं, बेकार नाही बे, गरजेपेक्षा जास्त चांगलंय, तिथंच सगळा घोळ आहे.

घोळ काय ते सांगतो, कारण नवीन शिकणारा जवळपास प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो, मी पण पडलो होतो. गेम इंजिनात वस्तूला रिजिड बॉडी केलं की तिचा ताबा इंजिनाकडं जातो. वजन, घर्षण, उसळी सगळं इंजिन बघणार, आपण फक्त धक्के द्यायचे. पेटी पाडायची, बॉल उडवायचा, मडक्यांची उतरंड फोडायची तर हे झकास. पण पोराला रिजिड बॉडी केलं की इंजिनाच्या लेखी ते पोरगं आणि जिन्यावरनं सोडलेला गॅस सिलिंडर यात काही फरक नाही. खरं माणूस उतारावर उभं राहतं ते पायाचे स्नायू सारखं सांभाळत असतात म्हणून. सिलिंडरला कुठले स्नायू.

मग पोरगं आडवं पडलं, म्हणून भाच्यानं त्याचं फिरणं लॉक केलं. नंतर ते भिंतीला चिकटायला लागलं, आणि हे चिकटणं अगदी बरोबर फिजिक्स आहे बरं का. आपण बटण दाबून धरलंय, म्हणजे पोराला भिंतीकडं ढकलतोय, जेवढं जोरात ढकलू तेवढं घर्षण जास्त, आणि ते घर्षण गुरुत्वाकर्षणाला पुरून उरलं की पोरगं हवेत लटकलं. तुम्ही वही भिंतीला हातानं दाबून धरली तर ती पडत नाही, तेच. म्हणून यानं घर्षण शून्य केलं. आता भिंतीला चिकटेना पण उतारावर घसरायला लागलं. मग उतारावर उलटा जोर लावायचा एक इफ टाकला, इफ म्हणजे कोडमधली असं झालं तर तसं कर अशी अट, मग त्या जोरामुळं उतार संपला की पोरगं उडायला लागलं, त्याला आणखी एक इफ. मी बघितलं तेव्हा अकरा इफ झाले होते आणि प्रत्येक इफ आधीच्या इफची चूक झाकायला.

मी सगळं पुसायला लावलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बहुतेक गेममधे मुख्य पात्र खऱ्या फिजिक्सवर चालतच नाही, नुसता तसा भास असतो. पात्र कायनेमॅटिक असतं, म्हणजे त्याला कुठं न्यायचं ते आपला कोड ठरवतो आणि इंजिनाला फक्त एक प्रश्न विचारतो: इथनं या दिशेला इतकं पुढं जाऊ का? इंजिन म्हणतं जा, किंवा म्हणतं एवढंच जाता येईल, पुढं भिंत आहे आणि भिंतीचं तोंड अमुक दिशेला आहे. भिंतीच्या तोंडाची ही दिशा म्हणजे नॉर्मल, भिंतीतनं काटकोनात बाहेर आलेला खिळा समजा. बास एवढंच उत्तर. त्या उत्तराचं काय करायचं ते आपण ठरवायचं. गोडो, युनिटी, अनरियल ही सगळी इंजिनंच. गोडोमधे याला कॅरेक्टर बॉडी म्हणतात, युनिटीत कॅरेक्टर कंट्रोलर, अनरियलमधे कॅरेक्टर मूव्हमेंट, नावं वेगळी पण आत हाच सवाल-जवाब. भाचा गोडो वापरतो, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे म्हणून, 2014 पासून त्याचा कोड खुला आहे.

आता विचारायचं म्हटलं तरी कशाच्या वतीनं विचारायचं? पोराचं थ्रीडी चित्र हजारो बारीक त्रिकोण जोडून बनलेलं, बोटं, नाक, गठ्ठ्याची गाठ. ते सगळं भिंतीशी ताडून बघत बसलो तर कॉम्प्युटर तर दमेलच, वर पोराचं कोपर दाराच्या चौकटीत अडकून गेम थांबेल. म्हणून पोराच्या भोवती न दिसणारी एक कॅप्सूल घालतात. गोळीवाली कॅप्सूल, किंवा बैठकीवरचा गोल टोकांचा लोड उभा केलाय असं समजा. लोडच का, खोकं का नाही? एक तर गणित स्वस्त. कॅप्सूल म्हणजे मधे एक सरळ रेघ आणि तिच्याभोवती सगळीकडनं सारखी जाडी, त्यामुळं टक्कर झाली का हे बघायला त्या रेघेपासनं वस्तूचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, ते जाडीपेक्षा कमी निघालं की लागलं. दुसरं म्हणजे लोडाला कोपरे नसतात, त्यामुळं दाराच्या कडेला घासलं तरी तो आपोआप बाजूला सरकतो, खोकं कोपऱ्यात अडतं. गठ्ठा भिंतीत थोडा घुसलेला दिसतो कधीकधी, दिसू दे, खेळणाऱ्याचं लक्ष नसतं.

किल्ल्याचंही तेच केलं. चित्रात बुरुजाचा प्रत्येक दगड वरखाली आहे पण टकरीपुरता अख्खा बुरुज म्हणजे एक गुळगुळीत नळकांडं.

आता खरी गंमत, घसरणं. पोरगं भिंतीवर तिरकं आपटलं तर काय करायचं? जागीच थांबवलं तर खेळणारा शिव्या देतो, बोळातनं पळताना जरा भिंतीला लागलं की खलास. जानेवारीत गड्ड्याला गेला असाल तर हे तुम्ही अंगानं अनुभवलंय. सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी, बाजूला बांबूचं बॅरिकेड, तुम्ही तिरके बॅरिकेडवर ढकलले जाताय, पण थांबत नाही, बांबूच्या कडेकडेनं पुढं सरकता. तुमच्या चालण्याचा जो भाग बांबूच्या आत जायला बघत होता तो बांबूनं खाल्ला, जो भाग बांबूच्या बरोबरीनं होता तो शिल्लक राहिला. कोडमधे शब्दशः हेच करायचं. वेगाचा किती भाग भिंतीत घुसतोय तो डॉट प्रॉडक्टनं काढायचा, अकरावी-बारावीत मार्कांपुरता केलेला तोच डॉट प्रॉडक्ट, आणि तेवढा वेगातनं वजा करून टाकायचा. पोरगं सेकंदाला 5 मीटर पळतंय आणि भिंतीशी 30 अंशाचा कोन करून आलं, तर भिंतीत घुसणारा भाग 2.5, तो गेला, भिंतीच्या कडेनं 4.33 उरला. म्हणजे जरा हळू झालं पण पळतच राहिलं. समोरासमोर आपटलं तर सगळाच वेग घुसणारा, उरलं शून्य, थांबलं. वेगळा इफ लिहावा लागत नाही, एकाच वजाबाकीत दोन्ही येतं, मला हे बघून पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं.

फक्त एकदा सरकून भागत नाही. भिंतीच्या कडेनं सरकलं तर पुढं कोपऱ्यात दुसरी भिंत. मग उरलेलं अंतर घेऊन परत तोच प्रश्न, परत वजाबाकी. अरुंद कोपऱ्यात हे न संपणारं होऊ शकतं, पहिली भिंत दुसरीकडं ढकलते, दुसरी पहिलीकडं, आणि पोरगं ताप आल्यासारखं थरथरतं. म्हणून मर्यादा घालतात. 1996 च्या क्वेक गेमचा कोड नंतर खुला झाला, त्यात ही मर्यादा चार वेळांची आहे, आणि सरकता सरकता वेग मूळ दिशेच्या उलटा व्हायला लागला तर सरळ थांबवतात. गोडोच्या थ्रीडीत ठरलेला आकडा सहा. एवढं सगळं मूव्ह अँड स्लाइड नावाच्या एका फंक्शनमधे तयार मिळतं, पण आत काय चाललंय ते माहीत नसलं की बिघडल्यावर माणूस आंधळ्यासारखा आकडे बदलत बसतो.

आणि भिंतीला अगदी चिकटवायचं पण नाही. कॉम्प्युटरचे दशांश आकडे शेवटच्या घरात थोडे चुकतात, एकदम टेकवलं तर पुढच्या वेळी तो म्हणेल तू आधीच भिंतीच्या आत आहेस. म्हणून केसाएवढी फट ठेवतात, युनिटीत तिला स्किन म्हणतात आणि कॅप्सूलच्या त्रिज्येच्या दहा टक्के ठेवा असं सांगतात.

आता ती ठेच. सपाट फरशीवर, समोर काही नाही, तरी पोरगं अडखळतंय. याच्यावर भाच्यानं चार दिवस घालवले होते. मी त्याला टकरीचे आकार दाखवणारं बटण चालू करायला लावलं आणि लगेच कळलं. यानं अंगणाला शहाबादी घातली होती, आपल्याकडं घरोघरी असते तशी, आणि हौसेनं प्रत्येक फरशीला वेगळं खोकं दिलेलं, शेजारीशेजारी लावलेली खोकी. आता डोळ्यांना ते सपाट आहे. पण गुरुत्वाकर्षणानं पोरगं किंचित, केसाएवढं, फरशीत दबतं, आणि त्या दबलेल्या अवस्थेत पुढं सरकताना पुढच्या फरशीची उभी कड आडवी येते. इंजिन म्हणतं भिंत लागली. खोटं बोलत नाही ते, प्रत्येक खोक्याला चार उभ्या बाजू आहेतच की, दोन फरशांच्या मधल्या बाजू आपल्याला दिसत नाहीत इतकंच. औषध एकदम सोपं, चित्रात शहाबादी राहू दे, टकरीसाठी मात्र सगळ्या अंगणाला मिळून एकच मोठं खोकं. चार दिवसांचं दुखणं दोन मिनिटांत गेलं, आणि भाचा दहा मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

उतार कुठला चढू द्यायचा आणि कुठला नाही हे पण त्या खिळ्यावरनंच कळतं. जमिनीचा खिळा सरळ आकाशाकडं, भिंतीचा आडवा, उताराचा मधे कुठंतरी. खिळा किती उभा आहे ते बघायचं, ठराविक कोनापेक्षा जास्त कलला की ती जमीन नाही, भिंत. गोडो आणि युनिटी दोन्हीत हा कोन 45 अंश ठेवलेला असतो, क्वेकमधे खिळ्याचा उभा भाग 0.7 पेक्षा जास्त पाहिजे, म्हणजे जवळजवळ तेवढंच. आणि जमिनीवर असताना बटण दाबलेलं नसेल तर वेग शून्य, म्हणून उतारावर घसरणं बंद. सिलिंडर गेला, माणूस आलं.

पायऱ्यांना लोक लई घाबरतात. युक्ती अशी की समोर अडलं तर कॅप्सूल मनातल्या मनात थोडी वर उचलून बघायची, मग पुढं सरकवायची, मग खाली टेकवायची. जमलं तर पायरी, नाही जमलं तर भिंत. किती उचलायची? युनिटीत 30 सेंटिमीटर ठरलेलं असतं, क्वेकमधे 18 युनिट, जिथं खेळाडूची उंची 56 युनिट, म्हणजे पायरी जवळजवळ एक तृतीयांश उंचीची, माणसाच्या मांडीला लागेल एवढी, आणि तो गडी न वाकता चढतो. गोडोत हे आयतं मिळत नाही, स्वतः लिहावं लागतं. भाच्याला म्हटलं लिहू नको. पायऱ्यांच्या वर न दिसणारी एक सपाट फळी तिरकी ठेव, उतार तर आधीच जमलाय. कितीतरी गेममधे जिने असेच असतात, डोळ्याला पायऱ्या आणि पायाला घसरगुंडी. त्याला हे फसवणूक वाटली. फसवणूकच आहे, पण पोरगं किल्ल्याचा जिना न अडखळता चढलं.

उतरताना वेगळीच कटकट. पोरगं सरळ पुढं जातंय, जमीन खाली गेली, म्हणजे क्षणभर ते हवेत, मग पडलं, मग परत हवेत, टप टप टप करत उतरतंय आणि मधेच उडीचं बटण दाबलं तर उडी लागतच नाही कारण इंजिन म्हणतं हा तर हवेत आहे. म्हणून स्नॅप नावाचा प्रकार असतो, पाय जमिनीपासनं थोडेसे सुटले असतील आणि आपण उडी मारलेली नसेल तर ओढून जमिनीला टेकव. उडी मारली त्या क्षणी मात्र हे बंद पाहिजे, नाहीतर उडीच परत खाली ओढली जाते. भाच्याकडनं नेमकं हेच राहिलं आणि अर्धा तास पोरगं जागेवरच गुडघे वाकवत होतं.

टिक म्हणजे काय ते इथं सांगायला पाहिजे. स्क्रीनवर चित्र कधी सेकंदाला 60 वेळा काढलं जातं, जुना लॅपटॉप तापला की 25. पण टकरीचं गणित ठराविक ठेक्यात चालतं, गोडोत सेकंदाला 60 वेळा, युनिटीत 50. त्यातला एकेक ठोका म्हणजे टिक. पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही, माग आपल्या ठेक्यात चालतो, कापड बघायला कोण आलं, कोण गेलं त्याला घेणं नाही. हा ठेका चित्राला बांधला तर भारी कॉम्प्युटरवर पोरगं जोरात पळतं आणि जुन्यावर रांगतं.

पण ठेका आला की मधली जागा आली. मागावरचा धोटा कधी नीट बघा. या टोकाला दिसतो, त्या टोकाला दिसतो, मधे दिसत नाही. इंजिनाला सगळं जग तसंच दिसतं, टिकला एकदा, मधलं काही नाही. ताशी 140 किलोमीटरनं टाकलेला क्रिकेटचा बॉल सेकंदाला जवळजवळ 39 मीटर जातो, म्हणजे 60 टिकच्या हिशोबात एका टिकला 65 सेंटिमीटर. आपली नऊ इंची भिंत 23 सेंटिमीटर. या टिकला बॉल भिंतीच्या अलीकडं, पुढच्या टिकला पलीकडं, भिंतीला कळलं पण नाही. आपलं पोरगं टिकला आठ-साडेआठ सेंटिमीटरच जातं, त्याला एवढा धोका नाही, शिवाय आपण जाऊ का विचारतो तेव्हा इंजिन नुसता शेवटचा मुक्काम बघत नाही, कॅप्सूल त्या सगळ्या वाटेवरनं ओढत नेऊन बघतं. धोका कुणाला, तर बटणानं फेकलेल्या दगडाला. त्याच्यासाठी एका टिकपासनं दुसऱ्या टिकपर्यंत सरळ रेघ मारायची आणि रेघेत काही आलं का बघायचं.

उडी हा आकड्यांपेक्षा चवीचा विषय आहे. खरं 9.8 चं गुरुत्वाकर्षण घातलं आणि 1.2 मीटर उंच उडी दिली तर पोरगं जवळजवळ एक सेकंद हवेत राहतं, फुग्यासारखं वाटतं. मी उलटा हिशोब करतो. आधी ठरवायचं, किती उंच आणि वर पोचायला किती वेळ. उंची 1.2 मीटर, वेळ 0.35 सेकंद. गुरुत्वाकर्षण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, साधारण 19.6, खऱ्याच्या दुप्पट. उडीचा सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ, सेकंदाला 6.86 मीटर. अंदाजानं आकडे ठोकत बसायची गरज नाही. वर आणखी एक सूट द्यायची, कठड्यावरनं पाय सुटल्यावर सुद्धा 0.1 सेकंद, म्हणजे सहा टिक, उडी मारू द्यायची. इंग्रजीत हिला कोयोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्हा कड्यावरनं पुढं जाऊन खाली बघेपर्यंत पडत नाही त्यावरनं. ही सूट काढली की खेळणारा शपथेवर सांगतो मी बटण दाबलं होतं, आणि दाबलेलं असतं पण, सहा टिक उशिरा.

हातगाडी अजून राहिलीय. कायनेमॅटिक पोरगं स्वतः कुणाच्या धक्क्यानं हलत नाही आणि आपणहून कुणाला नीट ढकलत पण नाही, गाडीला लागल्यावर किती धक्का द्यायचा ते आपणच लिहायचं. भाच्यानं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा केळ्यांची गाडी पेठेतनं उडून किल्ल्याच्या लेव्हलमधे जाऊन पडली. आकडा कमी केला, आता बरी सरकते.

अकरा इफवाली फाइल आता साठ ओळींची झालीय. ती घेऊन तो कॉलेजात गेला आणि चार दिवसांनी त्याचा फोन, मामा, पोरं चीटिंग करलालेत. झालं असं की पुढचं आणि उजवीकडचं बटण एकदम दाबलं तर पुढं 5 आणि बाजूला 5 असे दोन्ही वेग बेरजेत लागत होते, तिरका वेग झाला 7.07. पोरांनी ते दुसऱ्या दिवशीच शोधलं आणि अख्खी पेठ तिरकी पळून सगळ्यांनी टाइम मोडले. दिशेची लांबी आधी एक करून मग वेगानं गुण, एका ओळीचं काम आहे, ते मी फोनवरच सांगितलं. पण सांगता सांगता क्वेकचं पण सांगून बसलो, की तिथं वेगाची मर्यादा फक्त बटणाच्या दिशेनं मोजली जायची, म्हणून हवेत माउस वळवत उड्या मारणारे मर्यादेच्या बाहेर जायचे, आणि लोकांनी त्या चुकीवर अख्खी खेळायची पद्धत उभी केली. तिकडं जरा शांतता. मग म्हणाला, मामा, मग ती एक ओळ आत्ताच नको टाकायला, पोरांची सोमवारी रेस आहे.